वरची सही

घड्याळांचे मास्तर आपल्या त्रेसष्ट घड्याळांच्या दुकानातच वारले, आणि डॉक्टरांनी "किती वाजता?" असं विचारल्यावर लेकीला सांगता येईना. दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळ आपापली वेळ दाखवत होतं. डॉक्टरांनी भिंतीभर नजर फिरवली, मोबाईल काढला आणि पावणेपाच लिहून मोकळे झाले.

मास्तरांचं नाव मोठं. हात मात्र नऊ वर्षांपासून थरथरत होते. चहा त्यांच्यापेक्षा बशीलाच जास्त मिळायचा. सगळं काम लेक करायची. मास्तर शेजारी स्टुलावर बसून "हळू, हळू" म्हणायचे, ती हळूच करत असली तरी. शेवटचा मान मात्र त्यांचा. जुनं घड्याळ दुरुस्त करणारा मागच्या पत्र्याला आतून सुईने आपलं नाव आणि साल कोरतो. ते कोरताना मास्तर तिला बाहेर पाठवायचे, पत्रा स्वतः लावायचे. आत आपलंही नाव असेल, एवढ्यावर तिने नऊ वर्षं काढली. विचारायची हिंमत झाली नाही.

आठवड्याने संग्रहालयाचे साहेब उंच लंबकाचं घड्याळ न्यायला येणार होते. मास्तरांचं शेवटचं काम म्हणून. त्या सकाळी तिने पत्रा उघडला. चार जुन्या कारागिरांच्या खाली, मुंगी शाईत पडून चालावी तसं, बापाचं नाव. तिचं नव्हतं. जागा भरपूर होती.

तिने सुई घेतली आणि खाली कोरलं: "वरची सही त्यांची. बाकी सगळं मी."

साहेब आले. "काय हात होता हो मास्तरांचा."

"थरथरता," ती म्हणाली. "दर पाच वर्षांनी तेलाला उघडावं लागेल. तेव्हा आत नीट बघा."

"छे, ताई. आम्ही चालवणारच नाही, काचेत बंद ठेवणार. मास्तर गेले त्या वेळेवर काटे लावून द्या. बघणाऱ्यांना गहिवरून येतं."

"म्हणजे कधीच उघडणार नाही?"

"मास्तरांच्या कामाला हात लावायची कोणाची टाप आहे?"

तिने लंबक थांबवला. काटे एकवर आणले.

"एक वाजता गेले का?" साहेबांनी वही काढली.

"एकला मी जेवते."

साहेबांनी जड मनाने मान हलवली आणि पाटीसाठी टिपून घेतलं: लेक जेवत असताना गेले.