आवाजाचा वेग

पद्माकरांनी बटण दाबलं आणि चोवीस वर्षांपूर्वी गेलेली त्यांची बायको, प्रेमा, के. आर. पुरमच्या त्या दिवाणखान्यात बोलू लागली. एक कावळीण मल्लेश्वरमच्या बाजारात शेवंती आणायला निघते, अशी तिनं स्वतःच रचलेली गोष्ट होती. आवाज झरझर, कोवळा, थोडा घाईचा.

“हीच ती,” ते म्हणाले. “अगदी अश्शीच बोलायची.”

“सरी, ठीक आहे. आता दुसरी लावा,” शेजारी बसलेली त्यांची लेक वेदिका म्हणाली.

दुसऱ्या वेळी तीच गोष्ट, तेच शब्द. पण आवाज खालच्या पट्टीतला, संथ, जड.

“ही काही तुझी आई नव्हे,” पद्माकरांनी लगेच बंद केलं.

हा सगळा घोळ त्यांनीच करून ठेवलेला होता. सरकारी टेलिफोन कारखान्यात असताना बोलणं कमी जागेत मावावं म्हणून दाबून लहान करणारं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड ते तयार करत होते. त्यात पुरुषांचे आवाज ठीक यायचे, बायकांचे मात्र फाटायचे. म्हणून रविवारी ते कार्ड घरी आणत आणि प्रेमाला मायक्रोफोनसमोर बसवत. ती वेदिकेसाठी रचलेल्या गोष्टी सांगायची. त्या चौदा गोष्टी एका सीडीवर पडून होत्या.

आता त्यांची गरज पडली होती. बेळगावच्या तानूबाईंची, म्हणजे प्रेमाच्या थोरल्या बहिणीची, दृष्टी गेल्या वर्षी गेली. वेदिकेनं मावशीसाठी चार मोठ्या बटणांचा, तळहातावर मावणारा प्लेअर घेतला होता. त्याला एमपीथ्रीखेरीज काही कळत नव्हतं. पद्माकरांनी आठ दिवस खपून जुन्या फायली उलगडणारा प्रोग्रॅम लिहिला आणि ऐन शेवटी घोडं अडलं. कार्डावर एक छोटा स्विच होता: सेकंदाला आवाजाचे आठ हजार नमुने घ्यायचे की सहा हजार चारशे. तो तेव्हा कुठं होता, याची नोंद फायलीत नव्हती. आठ हजार धरले की आवाज झरझर यायचा, सहा हजार चारशे धरले की संथ; वेग चुकला की माणसाचा आवाजच बदलतो. ती नोंद ठेवायचं काम खुद्द पद्माकरांचं होतं.

“तुम्ही ठरवा, बाबा,” वेदिका म्हणाली. “मी तीन वर्षांची होते. मला काहीच आठवत नाही. तुम्ही म्हणाल तो माझ्या आईचा आवाज.”

पद्माकरांनी पहिली फाइल पुन्हा उघडली.

“मोजून बघायचा काही उपाय नाही?”

“नाही,” ते म्हणाले, जरा जास्तच पटकन.

उपाय होता. तीस वर्षं नव्या पोरांना त्यांनी तोच शिकवला होता. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये मागे विजेची बारीक गुणगुण येते आणि ती सेकंदाला पन्नासच्या ठेक्यात असते, देशात कुठंही जा. वेदिका कॉफी टाकायला आत गेली तेव्हा त्यांनी आलेख उघडला. झरझर आवाजामागे गुणगुण साडेबासष्टवर होती. संथ आवाजामागे बरोबर पन्नासवर. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि आलेख मिटवायला हात नेला, तोवर वेदिका मागे येऊन उभी होती.

“पन्नास म्हणजे बरोबर ना?”

“कार्डाची स्वतःची घरघर पण असायची,” ते म्हणाले. “त्यावर इतका भरवसा ठेवू नये.”

एरवी आकड्यापुढे साहेबाचंही न ऐकणारा माणूस, पण आज हट्टाला पेटला होता.

“मग मावशीलाच विचारू या.”

हे त्यांना एकदम पटलं. प्रेमाला अंगाखांद्यावर खेळवलेली बाई. ती चुकणं शक्यच नव्हतं. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“अक्का, दोन आवाज ऐकवतो. प्रेमाचा कुठला, तेवढं सांगा.”

“लावा की, पद्माकरराव.”

झरझर आवाज ऐकून तानूबाई हसल्या. “शाळेत असताना अशी बोलायची बघा. लग्नात पण अशीच चिवचिवत होती.”

पद्माकरांनी विजयी मुद्रेनं लेकीकडे पाहिलं आणि दुसरा आवाज लावला. कावळीण पिशवी घेते, जिना उतरते.

“हीच,” तानूबाई म्हणाल्या. “माझी प्रेमा.”

“अक्का, नीट ऐका. ही किती दमल्यासारखी—”

“दमायचीच की ती. वेदू झाल्यापासून जरा चाललं की धाप लागायची. फोनवर असंच थांबून थांबून बोलायची माझ्याशी.” मग हलकेच, “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

प्रेमा अचानक गेली, हृदयाची झडप, कुणाला काही कल्पनाच नव्हती, असं ते इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. वेदिकेलाही. आणि चौदा रविवार ते तिच्यासमोर, हातभर अंतरावर, कानांना हेडफोन लावून बसले होते. आवाज कुठं फाटतो ते वहीत टिपत होते. त्यांना लेकीसमोर बसून राहण्याची लाज वाटू लागली.

“कावळीण घरी पोचली का शेवटी?” तानूबाईंनी विचारलं. “पाठवून द्या लवकर.”

“हो अक्का,” वेदिकाच म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तिनं वडिलांकडे पाहिलं नाही. कीबोर्ड स्वतःकडे ओढून सहा हजार चारशेचा आकडा घातला. पडद्यावर एक प्रश्न आला.

“मधल्या रिकाम्या जागा काढून टाकू का, म्हणतंय. फाइल लहान होईल. काढू?”

“नको,” पद्माकर म्हणाले. “ती तिथं श्वास घेतेय.”

वेदिकेनं ‘नाही’ निवडून गोष्ट लावली. मग तिनं आवाज वाढवला. पहिली गोष्ट अकरा मिनिटांची होती. दोघांनी ती पुरी ऐकली.