पाहुण्यांपुढे झाकलेला पत्रा

मित्रांनो, माझ्या रंगरूपावर जाऊ नका. गंजलोय, चार ठिकाणी डांबराची ठिगळं लागलीत, पण मी घरावरचा पत्रा आहे आणि माझ्याखाली एक अख्खा संसार झालाय.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता लखलखत होतो. सोलापुरातल्या एका दुकानाबाहेरून कमलम्मानं मला हातगाडीवर घालून वस्तीत आणलं. ती विड्या वळायची, नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. जागा मालकाची, भाड्याची. पत्रे मात्र ज्याचे त्याचे, अशी त्या वस्तीची रीत. पहिल्या दिवशी कमलम्मानं मला हळदकुंकू लावलं. असलं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहेच. दुपारी मी असा तापायचो, की कमलम्मा विड्यांचं सूप घेऊन दारात जाऊन बसायची आणि मला शिव्या घालायची. घाला म्हणावं! मी काय हौसेनं तापत होतो?

नवरा खोकून खोकून गेला. मग तिच्या एकटीच्या विड्यांवर घर चालायला लागलं. पाला भिजवायचा, कातरायचा, वळायचा. आणि विडी कारखान्यात गेल्यावर त्यातल्या कितीतरी विड्या वाईट म्हणून बाजूला काढायचे. त्यांची मजुरी नाही. शहर मात्र वाढत होतं. आमच्या चारी बाजूंनी उंच इमारती उठल्या, जागेचं भाडं दरवर्षी चढलं आणि विडीची मजुरी होती तिथंच राहिली. त्यातच लेक वैजयंती लग्नाची झाली.

पाहुणे बघायला येणार म्हणून कमलम्मानं थर्माकोलचे पांढरे, फुलाफुलांचे ताव आणून आतून माझं तोंड झाकून टाकलं.

"कशाला गं एवढा खटाटोप?" शेजारच्या मुक्ताबाईनं विचारलं.

"पत्रा दिसला की सोयरीक माघारी जाती, बाई. आधीच्या दोन गेल्या की तशाच."

मला लई राग आला. इतकी वर्षं ऊनपाऊस अंगावर घेतला, आणि आता माझीच लाज?

नेमके त्याच दुपारी सरकारी सर्वेक्षणवाले आले. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना शहराबाहेर कुंभारी गावाकडे पक्की घरं मिळणार होती, त्याची यादी चालली होती. आत पाहुणे उप्पीट खात बसलेले. मोबाइल घेतलेल्या साहेबानं दारातूनच मोठ्यानं विचारलं, "मावशी, छत कशाचं? पत्रा का स्लॅब?"

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली आणि कान दिला. वैजयंती चहाचे कप घेऊन आईकडे बघायला लागली.

"स्लॅबच की, साहेब," कमलम्मा म्हणाली.

साहेबानं मान आत घातली, पांढरं छत बघितलं, फोटो काढला, तिची सही घेतली आणि गेला. मी वर उन्हानं कडाकडा वाजत होतो. अहो, यापेक्षा मोठ्यानं मी कसं ओरडणार?

"वर काय वाजतंय हो?" मुलाच्या आईनं विचारलं.

"वरच्या मजल्यावर पोरं खेळत्यात."

वरचा मजला! माझ्यावर दोन दगड आणि एक फाटकी चप्पल होती.

लग्न झालं. पहिल्या सणाला वैजयंती माहेरी आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "अम्मा, तिकडंबी पत्राच हाय. तुमी घर बघायला येणार म्हणून त्यांनीबी असंच झाकलं होतं." दोघी आधी हसल्या. मग कमलम्मा रडायला लागली, ती काही केल्या थांबेना.

यादी लागली. मुक्ताबाईचं नाव होतं, कमलम्माचं नव्हतं. ती कार्यालयात जाऊन आली आणि उंबऱ्यातच बसली.

"मी म्हटलं, साहेब, खोटं बोलले मी, घरात पाहुणे होते. त्यांनी माझीच सही दाखवली. म्हणाले, फोटोत पक्कं छत दिसतंय, पुढच्या सर्वेक्षणाला बघू."

पुढचं सर्वेक्षण कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. मालकानं जागा बिल्डरला विकली. वस्ती उठली, मुक्ताबाई सामान घेऊन कुंभारीला गेली. कमलम्मा मला आणि आणखी दोघा पत्र्यांना घेऊन शहराबाहेर, माळावर आली. चार बांबूंवर आता मी आडवा पडलोय. वारं सुटलं की ती उठून मला दोन्ही हातांनी धरून ठेवते. आता मला कुणी झाकत नाही. झाकावं असे पाहुणेच येत नाहीत.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणीतरी साहेब होईल, कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहील. माझं एवढं ऐका. कुणाची गरिबी चारचौघांत मोठ्यानं विचारू नका. त्या माणसाला बाजूला घ्या, हळू विचारा. आणि उत्तर काहीही आलं तरी चार पावलं मागं सरून एकदा मान वर करून बघा. त्या दिवशी मी तिथंच होतो. कुणी बघितलं असतं, तर आज कमलम्मा माझ्याखाली नसती.