आपल्या काठाचं पाणी

त्यांना सगळे बाटलीकाका म्हणत. वस्तीत नव्यानं राहायला आलेल्या माणसाचा त्या नावामुळे हमखास गैरसमज व्हायचा. रविवारी सकाळी काका खांद्याला पिशवी अडकवून, आतल्या बाटल्या खुळखुळवत तळ्याकडे निघालेले दिसले की तो समज आणखी पक्का व्हायचा. वास्तविक काकांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता. बाटल्या रिकाम्या जायच्या आणि तळ्याच्या पाण्यानं भरून यायच्या, एवढंच.

सदतीस वर्षं ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. द्रावणं करून ठेवायची, परीक्षानळ्या धुवायच्या, तास संपला की ओटे पुसायचे. शिकवणारे बदलत गेले, शिकणारे तर दरवर्षीच बदलायचे, पण यांना काय वाटतं हे त्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही. निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली. मग काकांनी तळ्याच्या पूर्व काठावर एक जुनं बैठं घर घेतलं, एक जुनंच होडकं घेतलं आणि कुणी न सांगता तळ्याचं पाणी तपासायला लागले. ताटाएवढी पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते तिथली खोली मोजायची. मग एक बाटली तळ्याच्या मधोमध भरायची, दुसरी पलीकडच्या काठाला ओढा येऊन मिळतो तिथं. घरी येऊन ओट्यावर रसायनं घालायची, पाण्याला चढणारा निळा रंग बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा.

त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला दाजींचा गोठा होता. दाजी म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाळीस गाई होत्या त्यांच्याकडे. माणूस अबोल, गाईंशी बोलून काही उरलं तर ते घरच्यांच्या वाट्याला यायचं. काकांची आई लवकर गेली तेव्हा ताईनंच त्यांना वाढवलं होतं. काका सत्तरीला टेकले तरी ती त्यांना छोट्याच म्हणायची, आणि त्यांचं रविवारचं जेवण ठरलेलं असायचं ते तिच्याकडे, गोठ्यामागच्या घरात. होडकं ओढ्याच्या तोंडाशी बांधायचं, बाटल्या सावलीत ठेवायच्या आणि चढ चढून वर जायचं.

पहिल्या वर्षी तबकडी बारा फुटांपर्यंत दिसत होती. सहाव्या वर्षी चार फूट. आठव्या उन्हाळ्यात हातभर खाली गेली की दिसेनाशी व्हायची. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय धरली आणि काठाकाठानं कुजका वास सुटला. बेकरीवाल्याचा कुत्रा तळ्यात डुंबून आला, अंगावरचं पाणी चाटत बसला आणि दुपारपर्यंत तडफडून मेला. मग पाण्यात उतरू नये अशी पाटी लागली. शेवाळ इतकं माजतं कशानं, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. जे खत शेतात पीक वाढवतं तेच पाण्यात गेलं की शेवाळ वाढवतं. आणि ओढ्याच्या पाण्यात फॉस्फरसचा, म्हणजे शेणखतातून येणाऱ्या त्याच खताचा, आकडा तळ्याच्या मधल्यापेक्षा तिपटीनं जास्त होता.

हे त्यांनी चारचौघांत बोलण्याआधी दाजींना सांगितलं होतं, खोटं कशाला बोला. दाजींनी ऐकून घेतलं आणि त्याच हिवाळ्यात स्वतः राबून त्यांनी गोठ्याखाली सिमेंटचा मोठा खड्डा बांधला. शेणमुताचं सगळं धुवण त्यात साठायला लागलं. एका रविवारी जेवण झाल्यावर ते काकांना तिकडे घेऊन गेले. “बघ, आता ओढ्यात टिपूस जात नाही,” म्हणाले. काकांनी मान डोलावली. पुढच्या चार रविवारी ओढ्याचा आकडा खरोखरच खाली आला. काकांनी तो वहीत लिहिला आणि चार आठवड्यांवरून काही सांगता येत नाही, असं स्वतःला बजावलं.

त्यानंतर शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. तळं कशानं नासलं ते सांगायला लोकांनी काकांना उभं केलं. हॉल गच्च भरला होता. मागच्या रांगेत ताई आणि दाजी बसले होते. काकांनी वही उघडली, आठ वर्षांचे आकडे वाचले, ओढ्याचं पाणी आणि तळ्याचं पाणी शेजारी शेजारी मांडून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा तीनशे माणसं त्यांचा शब्दन्‌शब्द कान देऊन ऐकत होती. शेवटच्या पानापाशी ते थांबले. ते चार आकडे वाचावेत की नाही, हे क्षणभर मनात आलंही. मग त्यांनी वही मिटली. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. टाळ्या थांबेपर्यंत मागच्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

पुढचं फार भराभर झालं. अर्ज गेले, तपासनीस आले, दूध उचलणाऱ्यांनी दूध उचलणं बंद केलं. लोक दाजींच्या फाटकापाशी गाडी थांबवून नाक मुरडून जायला लागले. सहा महिन्यांत गाई विकल्या गेल्या आणि गोठा होड्या ठेवायला एकानं विकत घेतला. ताई आणि दाजी शहरात, बसस्थानकामागच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. सामान हलवायच्या दिवशी काका मदतीला गेले, तेव्हा ताई दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “आमचं आम्ही नेऊ.” त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

काकांनी मनाची समजूत घातली. ताईचा राग जाईल, तळं तर निवळेल. पण तळं निवळलं नाही. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. ओढ्याचं पाणी काचेसारखं झालं आणि तळं होतं तसंच हिरवंगार. काका म्हणायचे, तळाच्या गाळात जुनं खत साठलंय, वेळ लागणारच. लोकांनी मान डोलावली आणि विषय सोडून दिला. गोठा गेला होता, कुणाला तरी शिक्षा झाली होती, तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

तिसऱ्या वर्षी पाणीखात्याची एक तरुण इंजिनिअर आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस रुमालात बांधलेले, बोलणं मोजकं. पूर्व काठावरच्या त्रेसष्ट घरांच्या सेप्टिक टँक तिला तपासायच्या होत्या. प्रत्येक संडासात गर्द गुलाबी रंग ओतायचा आणि तो तळ्यात कुठे उतरतो का ते बघायचं. काकांना कोण आनंद झाला. इतक्या वर्षांनी कुणीतरी बरोबरीचं भेटलं होतं. ते तिच्या रंगाच्या कॅन उचलायचे, घरोघरी ओळख करून द्यायचे, कुणी कुरकुर केली तर समजूत काढायचे. त्यांच्या स्वतःच्या घराचा नंबर लागला तेव्हा रंग त्यांनीच ओतला, वरून तीन बादल्या पाणीही त्यांनीच सोडलं. आपल्या घरातून काही निघेल, अशी शंका त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. इतकी वर्षं अख्खं तळं त्यांनी पालथं घातलं होतं, पण स्वतःच्या दारासमोरची एक बाटली काही कधी भरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते होडकं सोडायला घरासमोरच्या धक्क्यावर गेले. धक्क्याच्या दगडांमधून गुलाबी पाण्याची एक जीभ बाहेर येत होती आणि हिरव्या पाण्यात हळूहळू पसरत होती. काका बराच वेळ खाली बघत उभे राहिले. मग पायरीवर बसले. इंजिनिअर आली तेव्हा ते तिथंच बसलेले होते.

जुन्या मालकानं टाकी नुसत्या विटांची बांधली होती आणि तळाला काहीच घातलं नव्हतं, हे तिनं त्यांना समजावून सांगितलं. पुढच्या दोन आठवड्यांत त्रेसष्टपैकी एकेचाळीस घरांचा रंग तळ्यात उतरला. काकांनी तिला गाईंबद्दल विचारलं.

ती म्हणाली, “गाईंचा वाटा होता काका, नाही असं नाही. पण खड्डा बांधल्यावर तो जवळजवळ थांबलाच होता. तुमच्याच वहीत आहे की.” तिनं अभ्यासासाठी नेलेली वही उघडून ते पान काढलं आणि चार आकड्यांवर बोट ठेवलं. “हे तुम्ही सभेत सांगितले नव्हते का?”

“राहून गेले,” काका म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाले, “राहून नाही गेले, पोरी. मी ठेवले.”

पुढचे चार दिवस त्यांनी होडकं सोडलं नाही. पाचव्या दिवशी ते बसनं शहरात गेले आणि तीन जिने चढून बहिणीच्या दारात उभे राहिले. ताईनं दार उघडलं, बघितलं आणि बाजूला झाली. दाजी खिडकीशी खुर्चीत बसले होते. मागच्या वर्षी त्यांना झटका येऊन गेला होता आणि उजवा हात मांडीवर नुसता पडलेला होता. काकांना हे कुणी कळवलं नव्हतं. ताईनं तुटक सांगितलं की हे अजूनही पहाटे चारला उठतात, कपडे करतात आणि मग करायला काही नाही म्हणून इथं बसतात.

काकांनी सगळं सांगितलं. रंग, धक्का, एकेचाळीस घरं, वहीतले चार आकडे, वही मिटली तो क्षण. काहीच लपवलं नाही. खाली बस सुटल्याचा आवाज आला.

दाजींची जीभ जड झाली होती. ते सावकाश म्हणाले, “म्हणजे खड्डा चांगला झाला होता.”

“हो दाजी. अगदी चांगला झाला होता.”

दाजींनी मान हलवली आणि ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. चेहऱ्यावर समाधान होतं की आणखी काही, हे काकांना कळेना. त्यांना वाटलं होतं, दाजी रागावतील, चार शब्द सुनावतील, मग आपल्याला बरं वाटेल. तसलं काही झालं नाही.

बोलली ती ताई. “इथं चार भिंतींत येऊन सांगतोयस. तेव्हा तीनशे लोकांसमोर बोलला होतास ना? मग तिथंच जाऊन बोल.”

महिन्याभरानं त्याच हॉलमध्ये पाणीखात्याची सभा होती. इंजिनिअरनं अहवाल मांडला. घरोघरी टाक्या बदलाव्या लागतील, नाहीतर सगळ्यांनी मिळून पाइप टाकून मैला शहराच्या गटारात सोडावा लागेल, असं ती म्हणाली आणि हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मग काका उभे राहिले. मागच्या सभेत आपण चार आकडे दडवले, ते त्यांनी आज वाचले. दाजींनी खड्डा बांधला होता हे सांगितलं. आपल्या घरातून गुलाबी पाणी निघालं, आणि इथं बसलेल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या घरातूनही निघालं, हेही सांगितलं. टाळी एकही वाजली नाही. काही माणसं मधेच उठून गेली. बेकरीवाला म्हणाला, “काका, झालं गेलं. आता कशाला उकरून काढताय?” आणखी कुणीतरी पुटपुटलं की गाईंचं शेण ते शेणच. टाक्यांचा निर्णय पुढच्या वर्षावर ढकलून सभा संपली.

काकांनी मात्र त्याच आठवड्यात आपली टाकी खणून काढली आणि तळासकट सगळीकडून बंद अशी नवी बसवून घेतली. शेजारी येता-जाता बघायचे, पण बोलायचे नाहीत. रस्त्यात नमस्कार करणारे दुसरीकडे बघायला लागले. जाण्याआधी इंजिनिअर भेटून गेली. सगळ्या टाक्या आज बंद झाल्या तरी गाळात साठलेलं पंधरा-वीस वर्षं वर येत राहील, असं म्हणाली. काकांनी मनाशी हिशेब केला आणि आपलं वय त्यात मिळवलं.

सभेत काय झालं ते कुणाकडून तरी ताईच्या कानावर गेलं असावं, कारण शरद ऋतूच्या अखेरीला तिचा फोन आला. गोठा एकदा बघायचा हेका यांनी धरलाय, मला एकटीला नाही जमायचं, म्हणाली. काकांनी भाड्यानं गाडी केली. नव्या मालकानं किल्ली दिली. ताई फाटकाशीच थांबली, आत यायला तयार होईना. दाजी काकांच्या दंडाला धरून एकेक पाऊल टाकत आत गेले.

आत उलट्या ठेवलेल्या होड्यांच्या रांगा होत्या, रंगाचा आणि ताडपत्रीचा वास होता. गव्हाणी मात्र तशाच होत्या. दाजी पहिल्या गव्हाणीपाशी थांबले आणि तिच्या कडेवर डावा हात ठेवून म्हणाले, “काळी.” मग पुढच्या गव्हाणीपाशी, “लाथाडी. तुला मारली होती बघ एकदा.” काका हो म्हणाले. असं करत ते एका बाजूनं गेले आणि दुसऱ्या बाजूनं परत आले. चंदेरी, आंधळी, तिची पोर, शिंगमोडी. एकही नाव चुकलं नाही, एकाही नावाला अडखळले नाहीत. प्रत्येक ठिकाणी थांबत होते आणि काकांना थांबवत होते. चाळिसावी गव्हाण दाराजवळची होती. तिथं कडेवर ते टेकले. धाप लागली होती.

“ही ठेंगणी,” ते म्हणाले. “सगळ्यात शेवटी चढली ट्रकमध्ये. बाकीच्या अडल्या, ही आपणहून चढली. तिला वाटलं, चरायला नेतायत.”

काका समोर सिमेंटवरच बसले, अगदी लहान मुलासारखे, आणि म्हणाले, “दाजी, माझं फार चुकलं.”

दाजींनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग डावा हात पुढे केला, उठवायला की उठायला ते कळत नव्हतं. काकांनी तो धरला.

“चल,” दाजी म्हणाले. “तुझी ताई उन्हात उभी आहे.”