अम्मी माझ्याबद्दल काय बोलली

हजारो पोरांतून मूठभर निवडणारं कॉलेज नेमकं काय बघून निवडतं, हे मला कोणी म्हणजे कोणीच धड सांगू शकलं नाही. सल्ले द्यायला मात्र सगळे पुढे. माझा चुलतभाऊ उमेर स्वतः बारावीला दोनदा बसलाय, पण तो छातीठोकपणे म्हणाला, सर्टिफिकेटं लागतात, फाइल जाड दिसली पाहिजे. म्हणून मी जवळच्या पावस गावात जाऊन झाडं लावली, रत्नागिरीत एका शिबिरात दिवसभर खुर्च्या मांडल्या आणि कराटेचा एक दिवसाचा वर्ग केला. त्यात अंगठा मुरगळला, सर्टिफिकेट मिळालं. अब्बा कतारला जहाजावर स्वयंपाकी आहेत, त्यांनी फोनवर फर्मावलं की इंग्रजी फाडफाड पाहिजे. फक्त दर्शना मॅडम, आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या, एवढंच म्हणाल्या, "मनाल, तू खरंच जे करतेस ना, ते लिही."

मी काय करते? आमच्या पूर्णगडच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांचे नवरे आखातात किंवा मुंबईत. त्यांचे फोन मी चालवते. बँकेचा मेसेज खरा की फसवणुकीचा, पोराच्या शाळेने काय कळवलंय, विमानाचं तिकीट कितीला पडतं, सगळं मी बघते. अर्जासोबतच्या निबंधात तेच लिहिलं. निबंध पास झाला. मग ऑनलाइन मुलाखत झाली, शेजारच्या ताजबी खालाच्या गच्चीवर बसून, कारण आमच्या घरात रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. मुलाखत घेणारे दोनदा हसले. मला वाटलं, झालं काम.

कॉलेज तिकडे उत्तरेत, आणि फी आमच्या सात पिढ्यांना झेपणारी नाही. पण थोड्या मुलांना ते सगळं माफ करतात. अब्बांची अट सरळ होती. फुकट असेल तर जा, नाहीतर रत्नागिरीला बीएस्सी कर आणि संध्याकाळच्या एसटीने घरी ये. त्या कॉलेजात पहिलं वर्ष सगळं थोडं थोडं शिकायचं असतं आणि मग आपण काय व्हायचं ते आपणच ठरवायचं. माझ्या आयुष्यात मी ठरवायची अशी ती पहिलीच गोष्ट असणार होती. ती मला इतकी हवी होती की नमाजात दुसरं काही मागायचंच विसरून गेले होते.

मग मेल आला. शेवटची पायरी, पालकांशी व्हिडिओवर बोलणं. 'झालं काम' हे मी मनातल्या मनात परत घेतलं, कारण मी माझ्या आईला ओळखते.

आमच्या बंदरावर होडी मासळीने काठोकाठ भरून आली तरी कोणी विचारलं तर उत्तर एकच, "मिळाली कालवणापुरती." भरपूर मिळाली असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पोरांच्या बाबतीतही तेच. दुसऱ्याने कौतुक केलं तर आया घाईघाईने माशाअल्लाह म्हणून वेळ मारून नेतात, पण स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या लेकराला चांगलं म्हणायचं नाही. नजर लागते. बाकीच्या आया निदान घरात तरी पाठीवर हात फिरवतात. माझी अम्मी, नाझिया, तेही करत नाही. दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा ती खालाला म्हणाली, "झाली पास कशीतरी."

म्हणून मी तिची तयारी करून घेतली. मी कॉलेजची बाई व्हायचे आणि विचारायचे. अम्मी भिंतीकडे बघत, कडू औषध गिळावं तशी बोलायची, "मेहनती हाय. समजूतदार हाय." चारदा म्हणवून घेतलं. चारही वेळा बरोबर.

खऱ्या बाई फार गोड होत्या. हिंदीत हळूहळू बोलत होत्या, अम्मीला समजावं म्हणून. पुन्हा खालाच्या गच्चीवरच बसलो होतो; मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला. त्यांनी विचारलं, तुमच्या मुलीत विशेष काय आहे? अम्मीने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की विशेष असं काही नाही, असतात तशी पोर आहे. बाई हसल्या. अम्मीला वाटलं आपलं जमतंय. मग ती सुटलीच. सकाळी उठत नाही, उलटं बोलते, भात लावला तर करपवते. मी तिची ओढणी खाली ओढत होते, मान हलवत होते. बाईंनी विचारलं, इतक्या लांब एकटी राहू शकेल का? अम्मी म्हणाली, "ही? आठ दिवसांत रडत परत येईल."

बाई हसायच्या थांबल्या. त्यांनी खाली बघून काहीतरी लिहिलं.

फोन बंद झाल्यावर मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तुला मला पाठवायचंच नव्हतं, मुद्दाम केलंस, असं ओरडले. अम्मी गोंधळली. "असा काय बोलतेस गो? मी चांगलाच बोलले. त्या बाय हसल्या नाय काय?"

मी जेवण सोडलं, बोलणं सोडलं. तेव्हा ताजबी खालाने मला गच्चीवर बोलावून घेतलं आणि सांगितलं, जे अम्मीने मला कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. गुटगुटीत, हसरा. ती त्याला उचलून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, माझ्या पोरासारखा पोर नाय म्हणायची. रांगायला लागायच्या आधीच तो तापाने गेला. "तेव्हापासून तिची जीभ उचलत नाय," खाला म्हणाली. "तिला दोष नको देऊ."

मी रडले. पण खरं सांगते, रडून झाल्यावरही मला कॉलेजच हवं होतं. घरी येऊन मी अम्मीचे पाय धरले. म्हटलं, "फक्त एकदा बोल. त्या बाईंना मेसेज पाठवू. मना नजर लागली तर लागू दे, मेले तर मरू दे, पण बोल." अम्मीने माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

सकाळी ती स्वतःच समोर येऊन बसली. "लाव तो फोन." मी रेकॉर्डिंग लावलं. तिने आधी माझ्यावर काहीतरी पुटपुटून फुंकर मारली, माझा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून बोलायला लागली. हिंदी विसरून, आपल्याच भाषेत.

"मॅडम, त्या दिवशी मी खोटा बोलले. माझ्या पोरीला सगळा येतो. तिचा बाप वर्षाने एकदा येतो, घरात पुरुष माणूस नाय, तरी मी निवांत झोपते ती हिच्या जिवावर. मोहल्ल्यात कोणाचाही काय अडला तर हिलाच हाक मारतात. हिला कुठेपण ठेवा, ही राहील. रडायची ती मी रडेन."

मी त्याखाली इंग्रजीत अर्थ लिहिला आणि पाठवून दिलं. मेसेज मिळाला, आभारी आहोत, असं उत्तर आलं. त्या दिवसापासून अम्मीने मला विहिरीपाशी जाऊ दिलं नाही, उमेरच्या स्कूटरवर बसू दिलं नाही, रोज मीठ-मिरची ओवाळली. मला साधी शिंक आली तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा.

निकाल दुपारी आला. अम्मी पडवीत बांगडे साफ करत होती. दोन ओळींचा मेल होता. यंदा आपली निवड होऊ शकली नाही, कारणं कळवली जात नाहीत. मी तो वाचून दाखवला. माझा आवाज मलाच परका वाटला.

अम्मीने हातातला बांगडा टोपात टाकला. मग म्हणाली, "मी बोलायलाच नको होता."

मला वाटलं, आली शेवटी कबुली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. पण ती पुढे म्हणाली, "पहिल्या वेळी बोलले होते तोच बरा होता. मग मी कशाला गेले तुझा मोठेपणा सांगायला? माझ्याच तोंडाने गेला तुझा कॉलेज."

उलट आहे, अम्मी! पूर्ण उलट! हे ओठांवर होतं. तिच्या मनगटापर्यंत खवले चिकटले होते आणि ती साफ झालेलाच बांगडा पुन्हा खरवडत होती. बोलले असते तर ती पहिल्या बोलण्यासाठीही झुरली असती. आणि कोणाला माहीत, कदाचित दोन्ही बोलण्यांनी काहीच झालं नसेल. कारणं कळवली जात नाहीत.

"नाय अम्मी," मी म्हटलं. "तुझा काय नाय. माझाच इंग्रजी कच्चा पडला. मी तेवढी हुशार नायच."

ती ताडकन उठली. "कोण बोलला?"

"कोण कशाला बोलेल? खराच हाय तो."

"ताजबी आपा!" ती अंगणात जाऊन ओरडली, हातात सुरी तशीच. "ये इकडे, ऐक ही काय बोलते! ही म्हणे हुशार नाय! अख्ख्या तालुक्यात दाखव मना हिच्यासारखी पोर! तुमचे सगळ्यांचे फोन कोण चालवते? माझी मनाल!"

खाला गच्चीवरून बघत राहिली. रस्त्याने बंदराकडे चाललेले लोक थांबले.

"अम्मी, हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू दे! नजर लागायची ती लागली. आता काय राहिलाय?"

ती थांबेना. दहावीचे मार्क सांगत होती, लहानपणी मी कधी बोलायला लागले ते सांगत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज चढतच होता. जन्मभर मला हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि आता ती गप्प व्हावी म्हणून मी तिचे दोन्ही हात धरून तिला घरात ओढत होते.