सत्यनळी, तांब्याची, लांबी एक मीटर

निरीक्षण

प्रयोगवहीत आधी उद्देश लिहायचा असतो. पण या प्रयोगाचा उद्देश मला सगळ्यात शेवटी कळला, म्हणून सुरुवात निरीक्षणापासून करते.

शिलाई कारखान्याचा कापणीचा हॉल. टेबलं भिंतीला सरकवलेली, साठेक बायका, आणि प्रत्येकीबरोबर साक्षीला घरचं एक माणूस. आईबरोबर मी. मधोमध नळीवाले महाराज तांब्याची नळी उभी धरून म्हणत होते, "मी कोणी नाही, मायबाप. मी नुसती खुंटी. बोलते ती नळी. खरं बोलणाऱ्याचा मणी ती कुशीतून लवकर सोडत नाही. खोट्याचा थुंकून टाकते."

कोणी शिंकलं तरी ते 'सत्य' म्हणायचे.

प्रश्न सगळ्यांना एकच होता. कारखान्याचं मागचं दार दिवसभर बाहेरून कुलूप लावून बंद असतं, अशी चिठ्ठी तपासणी अधिकाऱ्याला कोणी तरी पाठवली होती. ती तू लिहिलीस का? बाई 'नाही' म्हणायची, नळीखाली ओंजळ धरायची, आणि महाराज वरून चंदेरी मणी सोडायचे. मणी लगेच खाली येत नसे. सगळे श्वास धरून मोजायचे. सहा, सात, आणि मग तो अलगद ओंजळीत उतरायचा. जड मणी, उघडी नळी, आणि तरी असा, जणू जिन्याने आलाय. बायका हात जोडत होत्या.

आईची पाळी आली. आई म्हणाली, "नाही."

टक्. मोजायला तोंड उघडायच्या आत मणी तिच्या ओंजळीत.

माझ्या शेजारच्या बाईने खुर्ची दोन बोटं लांब सरकवली. मालकांनी आवाज न चढवता सांगितलं, "उद्यापासून येऊ नका, ताई." चौदा वर्षं आई तिथे कॉलर लावत होती.

आई माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "नळी खरंच बोलली गं."

कारण चिठ्ठी आईनेच लिहिली होती. माझ्या रफ वहीच्या पानावर.

साहित्य

एक तांब्याची नळी, खालच्या टोकाला पोचा पडलेली. तो पोचा माझा. महिन्यापूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेत ती माझ्या हातून पडली होती, तेव्हा सर हसून म्हणाले होते, "राहू दे, आता आपली नळी चटकन ओळखता येईल."

ओळखता आली, सर.

दोन चंदेरी मणी, दिसायला सारखे.

दारात एक खोका. महाराजांनी सगळ्यांच्या कात्र्या, सुया, टाचण्या त्यात ठेवायला लावल्या होत्या. "लोखंड सत्याला अडवतं," म्हणाले होते.

आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची. त्यावर आमचे भौतिकशास्त्राचे सर. मालक आमच्या शाळेचे अध्यक्ष. त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं होतं की विज्ञानाचे शिक्षक स्वतः नळी तपासतील. सरांनी नळीतून आरपार पाहिलं होतं आणि सांगितलं होतं, "पोकळ आहे. आत काहीही नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

त्रुटींची कारणे

नळीची युक्ती मला पहिल्याच मण्याला कळली होती. मग मी गप्प का बसले? सर समोर होते म्हणून. वाटलं, शेवटी ते उठतील आणि वर्गात सांगतात तसं सगळ्यांना समजावून सांगतील. प्रत्येक मण्याला वाटत होतं, आता उठतील.

पण युक्ती कळून एक गोष्ट उरतच होती. साठ बायकांतून नेमकी आईच कशी?

चिठ्ठीची गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती. अभ्यासात लक्ष का नाही, असं विचारलं त्यांनी, इतक्या मायेने विचारलं, की मी दार, कुलूप, आईची भीती, सगळं सांगून टाकलं.

"नळीला काही कळलेलं नाही," मी आईला म्हणाले. "मी सरांना सांगितलं होतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मी लिहिणार नाही.

"मणी चुंबक असेल तर टाचणी धरेल," मी कशीबशी म्हणाले.

 आईने बाहीची दुमड उलटली. टाचण्या बाहीला टोचून ठेवायची तिची सवय, त्यातली एक खोक्यात टाकायची राहून गेली होती. ती तिने माझ्या तळहातावर ठेवली. "जा."

कृती

चिठ्ठीवाली सापडली तरी महाराजांना सगळ्यांची परीक्षा पुरी करायची होती. पुढची पाळी काजं करणाऱ्या मावशींची होती. त्यांचा मणी सावकाश ओंजळीत उतरला, आणि महाराजांनी तो उचलायच्या आत मी टाचणी जवळ नेली. ती माझ्या बोटांतून निसटून मण्याला जाऊन चिकटली.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. "सत्याला टाचण्या लागतात की."

महाराज लोखंडाचा कोप वगैरे सांगू लागले, तोवर कोणी तरी दारातला खोका आणून त्यांच्यापुढे ठेवला होता. त्यांची दुसरी मूठ मावशींनीच उघडून आतला मणी घेतला. त्याला एकही टाचणी चिकटेना. तो साधा ॲल्युमिनियमचा, रंग दिलेला. आईच्या वाट्याला तोच आला होता.

मग मी सांगितलं, सरांनी मला शिकवलं होतं त्याच शब्दांत. चुंबक तांब्याच्या नळीतून पडतो तेव्हा नळीच्या अंगात विजेचे प्रवाह फिरू लागतात आणि ते त्या चुंबकाच्याच पडण्याला विरोध करतात. म्हणून तो रेंगाळतो. चुंबक नसलेला मणी सरळ पडतो. नळीला खरं-खोटं कळत नाही. हाच प्रयोग बारावीच्या मुलांना दाखवतात.

सर मान खाली घालून नखं बघत होते.

आई उभी राहिली. "चिठ्ठी मीच लिहिली. आग लागली तर आम्ही कुठून बाहेर पडायचं?"

 मावशींनी मालकांना विचारलं, "किल्ली कुठे आहे ते तुम्ही सांगता, की नळी आणू?"

मागचं दार त्या दुपारी उघडलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या, चौघींनी ढकललं.

उद्देश

सरांनी मला शाळेच्या जिन्यात गाठलं. म्हणाले, पुन्हा कोणी चिठ्ठी लिहू नये म्हणून भीती घालण्यापुरता खेळ आहे असं मालक म्हणाले होते. तुझ्या आईचं नाव बोलता बोलता निघून गेलं. मी विचारलं, "आणि नळीही बोलता बोलताच दिलीत?" ते पुन्हा नखं बघू लागले.

आई पुन्हा कामावर जाते. घरी माझ्याशी बोलते, पण मोजकं. चूक तिची नव्हती, माझीही थोडीच होती. तरी ती 'थोडी' अजून आमच्यामध्ये बसलेली आहे.

निष्कर्ष

जिथे लोखंड बाहेर ठेवायला सांगतात, तिथे एक टाचणी आत न्या. चमत्काराला तुमचं गुपित कळलं, तर हात जोडायच्या आधी आठवा की ते तुम्ही कोणाला सांगितलं होतं. आणि तपासणारा ओळखीचा आहे, हुशार आहे, आपल्यावर माया करतो, म्हणून स्वतः तपासायचं सोडू नका. मी सोडलं होतं.

शिक्षकांची सही: ही जागा मी मोकळी ठेवली आहे.