बर्फ खालून वितळतो

मंठ्यात बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर शीतल मुद्दामच जास्त बोलली. तिला संशोधनाच्या जहाजावर जायचं होतं; पोरगी डोईजड होईल म्हणून या लोकांनी उठून जावं, एवढाच तिचा डाव.

"हिमयुगातला बर्फ नुसत्या उन्हानं न्हाई गेला, मामा. समुद्र तापला अन् त्यानं कडेचा बर्फ खालून पोखरला. तेच शोधायला मी समुद्रावर जाणार हाये."

नवरदेवाचा बाप खूश झाला. "बराबर! पोरांची शिकवणी घरातच होईल. अन् समुद्र काय, लग्न झाल्यावर गोव्याला जा की!"

सगळे खिदळले. शीतल "न्हाई" म्हणाली, तोवर तिच्या बापानं सुपारी फोडली होती. बायका ओटी भरायला लागल्या. दोन्ही हातांत पदर धरलेल्या शीतलला उठताही येईना.