मिरचीच्या रोपांवरची शाळेची खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, आणि हे मी मान ताठ ठेवून सांगते. बल्गेरियातल्या एका खेड्याच्या शाळेसाठी सुताराने मला घडवले, काच पक्की बसावी म्हणून कडेने लांबीचा लगदा भरला. पन्नास वर्षे माझ्यातून उजेड आत गेला आणि मुलांची नजर बाहेर गेली. मग तरणी माणसे शहराकडे गेली, मुले संपली, शाळेला कुलूप लागले. त्यानंतर साहेबलोकांनी तिथे प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्या आणि मला उकिरड्यावर भिरकावले. मुले नसलेल्या शाळेला नव्या खिडक्या! मित्रांनो, याला अक्कल म्हणायचे का?

त्याच गावातल्या वेलिका आजीने मला हातगाडीवर घालून घरी नेले. मोडक्या दारांच्या फळ्यांची तिने पेटी ठोकली. मागे उंच, पुढे उतरती, तोंड दक्षिणेला. तळाशी उबेसाठी घोड्याची ताजी लीद दाबली, तिच्यावर माती. झाकण मी.

"कुणाची कबर बांधतेस गं?" तिचा नवरा पेन्यो हसला.

"तुझी असती तर लीद वाया घालवली नसती."

त्या मातीत तिने सासूकडून आलेल्या गोड लाल मिरचीचे शेवटचे मूठभर बी पेरले. ते वाण गावात दुसऱ्या कुणाकडे उरले नव्हते. रोपे गेली की वाण बुडाले.

मार्चमध्ये तिथे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात. पहिला करकोचा दिसला की दोरा सोडून फळझाडाला बांधायचा, म्हणजे हिवाळा संपला. पेन्योला करकोचा दिसला. त्याने दोरा झाडाला बांधला आणि त्याच आनंदात मला काढून भिंतीला टेकवले.

सांजेला आजी द्राक्षमळ्यातून परतली. उत्तरेचा वारा सुटला होता.

"अरे मेल्या, करकोच्याला अंगभर पिसं आहेत! माझ्या रोपांना काय आहे?"

"रीत आहे आपली..."

"रीत दोऱ्याची, काचेची नाही. उचल!"

दोघांनी मला पुन्हा पेटीवर ठेवले. पेन्योने कुणी न सांगता आपला मेंढीच्या कातड्याचा कोट माझ्यावर पसरला.

सकाळी गोठलेल्या दवाने कुंपणे पांढरी झाली होती. शेजाऱ्यांची उघडी रोपे काळी पडली होती. आजीने कोट उचलला, मला वर केले. आत सगळे हिरवे.

"शाळेतली आहे," ती माझ्यावर हात फिरवत म्हणाली, "आपल्या म्हाताऱ्यापेक्षा शिकलेली."

त्या वसंतात अर्धे गाव तिच्या दारी रोपे न्यायला आले.

मित्रांनो, मला दया नको. काच फुटली तर बदला, लाकूड सुकले तर तेल लावा, आणि काम द्या. उजेड आत घ्यायला मी अजून विसरलेली नाही.